काठावरचा पाय

ग्रिम्सबीच्या जुन्या तरणतलावाशी
लिनेट आपला पाय बाकाला टेकवून ठेवते,
बुटाची लेस बांधलेलीच,
आणि उड्या मारत काठापर्यंत जाते.

एकोणिसाव्या वर्षी मासळीच्या कारखान्यात
सरकत्या पट्ट्याने ओढला तो पाय वेगळा.
त्याबद्दल ती एवढंच सांगते :
पाळी संपत आली होती.

पुढे तीन पॅरालिम्पिक, दोन पदकं.
एक चहाच्या डब्यात;
दुसरं कुठंय, देव जाणे.
लक्षात राहिलाय तो हिवाळा,
वळताना भिंतीला एकाच पायाने रेटून
सरळ रेषेत निघायला शिकण्यात गेलेला.

शनिवारी पोरं येतात शिकायला.
एक चिमुरडा बाकाकडे बोट दाखवतो :
हा का नाही येत पाण्यात?

"त्याला पोहता येत नाही,"
म्हणत ती शिट्टी तोंडात धरते.