प्रश्न चौथा

एकेचाळीस उत्तरपत्रिका, लाल पेन
आणि ग्वाल्हेरचा मे.
खसच्या टट्ट्यावर मारलेलं पाणी
मी पान उलटेपर्यंत वाळतं.
तरी हेरंब दाणीने लिहिलंय,
"पाण्याची वाफ फक्त शंभर अंशांवर होते."
अरे बाबा, दोरीवरचं तुझं ओलं बनियन
कुठल्या शंभर अंशांवर वाळतं?
शून्य देते. मग अर्धा,
अक्षर चांगलं आहे म्हणून.

देवकी तोमर म्हणते, पाणी जास्त तर बाष्पदाब जास्त.
तिच्या घरी दोन खोल्यांत नऊ माणसं.
तिला कसं पटावं
की पेला असो की पिंप, झाकण लावलं की दाब तेवढाच,
तळाशी थेंब उरला तरी तेवढाच.
समासात लिहिते, "प्रमाणावर नाही, उष्णतेवर"
आणि खोडते.
उष्णता नव्हे. तापमान.
तीस वर्षं शिकवून मीही इथेच घसरते.

लॅबमधला रामसनेही कधी या परीक्षेला बसला नाही.
होळी झाली की ईथरची बाटली
तो ओल्या वाळूच्या माठात उतरवतो.
पुस्तकातलं ईथर पस्तिसाच्या आतच उकळतं,
म्हणजे इथे दुपारी, नुसतं कपाटात बसून.
एका वर्षी माझं ऐकून त्याने बाटली वरच ठेवली.
बूच पंख्याला लागलं.
तो काही बोलला नाही,
नवीन बूच शोधायला गेला.

आता प्रश्न चौथा.
भांड्यात समतोल झाला म्हणजे काय होते?
अडतीस जणांचं एकच उत्तर, "बाष्पीभवन थांबते."
थांबत नाही रे काही!
जितके वर जातात तितकेच परत येतात,
पाण्याची रेघ तिथेच दिसते
आणि आत सारखी ये-जा.
अडतीस वेळा तेच लिहून हात दुखला.
अडतीस म्हणजे चूक त्यांची एकट्यांची नाही,
फळ्यापाशी मीच कधीतरी "स्थिर" म्हणाले असेन.

शेवटची उत्तरपत्रिका मृणाल खासगीवालेची.
एवढंच लिहिलंय:
"भांड्याला झाकण आहे असे प्रश्नात दिलेले नाही.
नसल्यास समतोल होणार नाही."
उठून प्रश्नपत्रिका काढली.
खरंच. "बंद" हा शब्द राहिलाय.
माझ्याच हातून.

खिडकीतून पाटणकर बाजार दिसतो.
समोरचे आपटे पुण्याला गेले, वरचे रेगे बंगळूरला,
आधी म्हणायचे मेळ्याला तरी येऊ.
मराठी पेपर टाकणारा पोरगा
आता आमच्या गल्लीत एकाच दारी थांबतो,
आणि मी कुणी विचारलं तर म्हणते,
सगळं आहे तसंच आहे.

मृणालला पूर्ण गुण.
बाकीच्यांचं काय करायचं ते उद्या.
टट्टा पुन्हा कोरडा झालाय,
बादलीत पाणी आहे का बघते.