दर तिसऱ्या पावलाला

दांडिया बाजारात, चष्म्याच्या दुकानावर,
अरुंद जिना चढून एक हॉल.
कोपऱ्यात गुंडाळलेल्या सतरंज्या, दाराशी चपला,
आमच्यासकट सहा जोडपी.
सुनेनं फी भरली होती, परत मिळणार नव्हती,
म्हणून आलो. एवढंच.

हेतल नावाची अनवाणी मुलगी म्हणाली,
इथे कुणी नाचून दाखवायचं नाही,
शरीर काय म्हणतं ते ऐकायचं.
मी खत कारखान्यात तेहेतीस वर्षं
प्रेशरचे काटे वाचले.
काटा बोलतो. शरीराचं मला ठाऊक नाही.

आधी पाठीला पाठ लावून उभे राहिलो.
खालून शेवउसळीच्या तर्रीचा वास येत होता
आणि आमच्या दोघांत
वर्तमानपत्र सरकेल एवढी फट.
"रेल की जरा," मी पुटपुटलो.
"तुम्ही आधी," शालन म्हणाली.

मग हेतल म्हणाली, "काका, तमे पाछळ."
बायकोच्या मागे जायचं,
ती चालेल तसं चालायचं. हुबेहूब.

एकतीस वर्षांत तिच्या मागे कधी होतो मी?
मांडवीत, स्टेशनवर,
पोरांना गरबा दाखवायला नेताना
पुढे मी. पिशवी तिच्याकडे.

आता समोर तिची मान,
अंबाड्याखाली एक जुना व्रण, मला अनोळखी
(विचारायचं राहूनच गेलं),
डावा गुडघा जपत टाकलेलं पाऊल,
मग दुसरं,
आणि तिसऱ्याला एक छोटीशी धाव.
अर्धीच. उडी म्हणावी तर उडी नाही.
पुन्हा एक, दोन, आणि धाव.

मी तसंच केलं. पोटऱ्या भरून आल्या.
ही कसली खोड, असं मनात आलं,
आणि चौथ्या फेरीला, भिंतीपाशी वळताना, कळलं:
ही माझ्या ढांगांची लांबी.
पुढे कुणी नव्हतं. रिकामी फरशी होती.
तरी ती कुणाला तरी गाठत होती.

काटा लाल पट्ट्यात गेला की
आम्ही आधी व्हॉल्व्ह उघडायचो, मग बोलायचो.
इथे व्हॉल्व्ह कुठे असतो?
मी चष्मा पुसत बसलो.

परतताना सूरसागरच्या कठड्याकडेनं
मी पावलं आखडती घेतली.
ती मागेच. अजून हळू झालो. तीही.
तळ्यात मधोमध शंकर उभा, त्याला कसली घाई.
शेवटी ती बरोबरीला आली, म्हणाली,
"गुडघा दुखतोय का तुमचा?"

हो म्हणालो.
तिनं पिशवी त्या हातात घेतली
आणि हा हात माझ्या कोपराखाली दिला.
मी भार टाकला. थोडा.

पिशवी मागायचं
घरी आल्यावर सुचलं.