तीनशे चार

हिउमा बेटावर एकतीस वर्षं मी फेरीबोटीची तिकिटं फाडली.
आता बर्फ मोजते.
गिरमिटानं समुद्राला भोक पाडायचं, काठी सोडायची,
काठीवरची खूण चष्मा पुसून वाचायची
आणि घरी आल्यावर, मोजे वाळत घालायच्याही आधी
एक ओळ लिहायची:
आज एकोणीस सेंटिमीटर. रस्ता बंद.

ही सोय भाच्यानं, तानेलनं, करून दिली.
म्हणाला, व्हिर्वेमावशी, याला फीड म्हणतात.
म्हटलं, खायला कुणाला घालायचं?
हसला. म्हणाला, दवंडी पिटायची नाही,
कुणाची कडी वाजवायची नाही.
आपल्याच उंबऱ्यावर चिठ्ठी ठेवायची, वर तारीख घालायची.
ज्याला हवी त्याचं यंत्र येईल,
विचारील, नवं काही?
असलं तर घेऊन जाईल.
नसलं तर आपलं यंत्र म्हणेल, तीनशे चार.
म्हणजे?
म्हणजे, होतं तसंच आहे.

मला आवडलं ते.
इतकं सरळ उत्तर
माझ्या नवऱ्यानंही कधी दिलं नव्हतं.

सतराजण येत.
दूधगाडीचा अर्वो, सुईण,
पलीकडच्या किनाऱ्यावरचा लाकडाचा व्यापारी,
शाळेतली स्वयंपाकीण, असेच कोण कोण.
आणि एक गोटेनबर्गहून, दर अर्ध्या तासाला,
रात्री तीन दहाला, तीन चाळीसला पुन्हा.

त्याचं नाव हेल्दुर. एकदाच कागदावर पत्र आलं होतं.
चव्वेचाळीस साली आईनं शालीत बांधून
होडीतून नेलेलं दोन वर्षांचं पोर.
लिहिलं होतं, बातम्या नकोत.
कोण गेलं, कुणाचं घर विकलं, तेही नको.
फक्त जाडी कळवत जा.
बावीस झाले की मी इथं नकाशा पसरतो,
पेन्सिलीनं गाडी काढतो,
पट्टा बांधत नाही.

बरोबर आहे. बर्फाच्या रस्त्यावर पट्टा बांधायचा नसतो.
फुटलाच, तर उडी मारता आली पाहिजे.

गेल्या फेब्रुवारीत त्याच्या मुलीचं, सिग्नेचं, पत्र आलं.
बाबा गेले.
तळघरात त्यांचं यंत्र अजून घुमतंय,
बंद करायचा धीर होत नाही.

त्याला आता वर्ष होईल.
नवं काही?
तीनशे चार.
नवं काही?
तीनशे चार.

यंदा बर्फ धरेचना.
डिसेंबरभर मी लिहीत राहिले, पाणी.
आज पाणी.
आजही पाणीच, काळं, बोटी चालू आहेत.
जानेवारी सरता सरता साय धरावी तसं काहीतरी आलं,
मग चार, मग नऊ,
मग पुष्कळ दिवस अकरावरच अडून बसलं.

काल सतरा भरले.
रात्री लिहायला बसले आणि बोट घुटमळलं.
बावीस लिहावं का?
एकदाच. एका नकाशापुरतं.
तीन दहाला तो येईल, घेऊन जाईल,
तळघरात, अंधारात, पेन्सिलीवाचून
पलीकडे पोचेल.

पण अर्वोही वाचतो.
सहा वाजता तो गाडी काढतो, टाकी भरलेली.
सुईण तर वेळकाळ बघतच नाही.
फीडला कुजबुजता येत नाही,
एकाच्या कानात सांगावं म्हटलं
तरी सतराजणांना ऐकू जातं.

चहा निवला. तसाच प्याले.
मग लिहिलं:
आज सतरा. रस्ता बंद.
हेल्दुर, थांब.

जागीच होते. तीन दहाला यंत्र आलं,
ओळ घेऊन गेलं.
तीन चाळीसला पुन्हा दारात:
नवं काही?

सकाळी दुकानात अर्वोनं विचारलं,
हा हेल्दुर कोण गं? आपल्यात तर कुणी नाही.
म्हटलं, आहे एक गाडीवाला.
थांबलाय पलीकडे.