सतरा नंबरचा फॉर्म

मिरकरवाड्याच्या उतारावर, बर्फाच्या फॅक्टरीमागे
तिसरी खोली. दारात पालथी टोपली.
शेवंती आत बोलावते, पण बस म्हणत नाही.
मी रजिस्टर उघडते.
"एकोणीस लिवा, बाय," ती म्हणते
मुलीने तोंड उघडायच्या आधी.

दीक्षिता भिंतीकडे वळून
कोळंबीचा वास लागलेली बोटं
लिंबाच्या सालीने घासत राहते.
तिचं दहावीचं भूगोलाचं पुस्तक
सुक्या बांगड्याच्या डब्यावर, झाकण म्हणून.

मी लिहिते : सतरा.

दवाखान्यातून नियमाप्रमाणे पोलिसांत कळवलं.
एक हवालदारीण आली, साध्या साडीत,
आणि आधी विचारलं : जेवलीस का?
तेवढ्यावर पोर रडली.
कोण, कुठे, कधीपासून
हे सगळ्यांनी विचारून झालं होतं,
तेव्हा नव्हती रडली.

तो ट्रॉलरवरचा, तिच्याहून दहा वर्षांनी मोठा.
बंदी लागली, बोटी शाकारल्या,
आणि तो मलप्याला की कुठे.
फोन बंद.
वाडीत त्याचं नाव कुणी घेत नाही.
तिचं मात्र रोज नळावर
हंड्याहंड्याने भरतात.

मलाही विचारतात,
आशाताई, आजकालच्या पोरी कशा हो ह्या?
मी रजिस्टर मिटते.
माझा थोरला झाला तेव्हा
मला सोळावं सरलं नव्हतं.
गळ्यात काळे मणी होते,
म्हणून गावाने पेढे खाल्ले
आणि वय कुणी लिहिलं नाही.
सकाळी त्याला पाजताना शाळेची घंटा व्हायची.
पाय आपोआप उठायचे.

आता दर बुधवारी सोलण्याच्या शेडमध्ये
मोठ्या बायका चहाला गेल्या की
मी लोणच्याची रिकामी बरणी ठेवते.
नाव घालायचं नाही, चिठ्ठी टाकायची.
कागद ओले, शाई पसरलेली.
'एकदाच झालं तर राहतं का?'
'नाही म्हटलं की तो बोलायचा बंद होतो. मग?'
'आईला न कळता तुमच्याकडे येता येईल?'
मी सगळ्या मोठ्याने वाचते, सगळ्यांना सांगते,
आणि पोरी कोळंबीकडे बघत ऐकतात.
एका चिठ्ठीवर अक्षर नव्हतं,
नुसता खवला चिकटलेला.
तिचं उत्तर अजून देणं आहे.

नारळी पौर्णिमेनंतर मुलगी झाली, दोन किलो तीनशे.
तीन दिवस शेवंतीने तोंड पाहिलं नाही.
चौथ्या दिवशी गेले तर टोपली सुलटी,
आत गोधडी,
आणि ही नातीला तेल लावत
शिव्या देत होती : नशिबाला, त्या बोटीला, मला.
बोटांच्या बेचक्यांतसुद्धा लावत होती.

मी पिशवीतून कागद काढला.
बाहेरून दहावीला बसायचा.
दीक्षिताने वरचा आकडा वाचला.
"माझ्याच वयाचा आहे की हा."
मग हळूच, "पेपराला हिला कोण घेईल?"

शेवंतीने मान वर केली नाही.
"मी बसेन गेटाजवळ.
मासळी काय, एक दिवस दुसरं कुणी विकेल."

डब्यावरचं पुस्तक त्याच दिवशी निघालं.
वास काही जात नाही.
ऊन पडलं की पत्र्यावर घालतात,
पानं उडू नयेत म्हणून
वर एक दगड.