शेवटची ओळ

तीन वाजून सतरा मिनिटं नऊ सेकंद.
इथपर्यंत सगळं सुरळीत:
कॅमेरा चार. चित्र आलं. चित्र उघडलं.
कापायला घेतलं, रुंदी

आणि पुढे काहीच नाही.

क्लायपेदाच्या बंदरात सलग सहाव्या रात्री
कंटेनरचे नंबर वाचणारा प्रोग्राम
याच शब्दाशी आडवा झाला होता.
झिविले लॉग खालून वर वाचत निघाली,
मयताच्या घरी जाऊन विचारावं तशी:
शेवटचं काय म्हणाला? कोणाशी बोलला?
नीट जेवला होता ना?
मेमरी मुबलक. फाइल जागेवर. परवानग्या शाबूत.
लायब्ररी परक्याची, अकरा वर्षं जुनी,
तिच्या बारा हजार ओळींत
माशी नेमकी शिंकली कुठे?

पहाटे, गार कॉफीच्या तळाशी, तिच्या ध्यानात आलं
की ही ओळ शेवटची नाहीच.
प्रोग्राम बोलतो ते आधी ओंजळीत साठतं,
ओंजळ भरली की मगच डिस्कवर ओततो तो.
पडला तेव्हा ओंजळीत शब्द होते.
ते त्याच्याबरोबर गेले.

मग तिने त्याला सवय लावली:
साठवू नकोस. सुचलं की लिही.
काम मंदावलं. क्रेनवरचा वायदोतास
रेडिओवर करवादला.
सातव्या रात्री, तीन-सतराला,
ओळ पुरी झाली:
रुंदी शून्य.

आणि लायब्ररीने, कोणालाही न विचारता,
शून्याने भागलं होतं.

"चार नंबरवर काय असतं रे या वेळी?"
"असणार काय? थंडी," वायदोतास म्हणाला,
"आणि तो लठ्ठ कुरव. फेरीबोट गेली की येतो,
कॅमेऱ्याच्या उबेला बसतो, शेपूट खाली सोडून."

चाळीस हजार ओळींच्या लॉगमध्ये
पिसाला शब्द नव्हता.

तिने एकच अट घातली:
रुंदी शून्य असेल तर तसं सांग,
आणि पुढच्या चित्राकडे जा.

आता रोज रात्री एक ओळ उमटते:
तीन-सतरा. कॅमेरा चार. काही दिसत नाही.
सकाळी झिविले आधी तीच शोधते,
मग बाकीचं.

मार्चमध्ये एका रात्री ती ओळ आली नाही.
सगळे नंबर स्वच्छ वाचलेले, एकही चूक नाही.
तिने फाइल पुन्हा वरपासून वाचली,
आणि वायदोतासला फोन लावला.