पन्नासदोने

तिसरी ब, पाचपावलीची मनपा शाळा.
पंखा एक, पोरं एक्केचाळीस,
म्हणजे चाळीस एक,
म्हणजे जी काय असतील ती.

फळ्यावर मी काड्यांचे गठ्ठे काढले,
दहादहाचे पाच, सुट्या दोन.
"पन्नास दोन!" वर्ग एका सुरात.
"आणि घरी काय म्हणता?"
"बावन!"
मागच्या बाकावरून चेतना बावणे उठली.
"मॅडमजी, मंग मी आता पन्नासदोने काय?"

वर्ग हसला. मीही हसले.
ती नाही हसली. तिला उत्तर हवं होतं.

माझ्या बापानं मला पावकी शिकवली, निमकी, पाऊणकी,
सवायकी, दिडकी, अडीचकी,
मिलच्या दुसऱ्या पाळीवरून येऊन, मध्यरात्री, झोपेतून उठवून.
पाच पावल्या म्हणजे सव्वा रुपया, म्हणायचा,
सव्वा रुपयाच्या वस्तीत राहतो आपण.
चुकलं की कानाची पाळी.
औटकी अजून येते मला. सात औटे साडेचोवीस.
कुठे वापरू?

उन्हाळ्यातल्या प्रशिक्षणात, कूलरच्या घरघरीत,
एक तरुण साहेब सांगत होते,
पाठांतर नको, समज हवी;
उत्तर कसं आलं, ते विचारा.
मी मान हलवली.
कानाची पाळी आपसूक गरम झाली.

शनिवारी उड्डाणपुलाखाली
चेतनाच्या आईकडे भाजी घेतली.
अडीच पाव वांगे, चाळीसनं.
तीन पाव भेदरं, साठनं.
सांभार दहाचा.
पारडं टेकायच्या आत ती म्हणाली, "ऐंशी द्या."
मी विचारलं, "कसं काढलं?"

तिला वाटलं, मला संशय आला.
वांगे पुन्हा पारड्यात टाकले.
"पाहा न बाई, काटा पाहा."
"तसं नाही हो. हिशेब कसा जमवला?"
ती माझ्याकडे बघत राहिली,
एवढी शिकलेली बाई, हे काय विचारते.
"दोन पावाचे वीस, अर्ध्याचे पाच.
भेदरं किलोभर समजा, साठ, त्यातले पावाचे पंधरा मागं घ्या.
मंग वीस चाळीस साठ, पाच पाच दहा,
अन् सांभाराचे दहा. एवढंच तर हाय."

एवढंच.
ती मेथीच्या जुड्या रचत होती,
दहाची एक चळत, सुट्या बाजूला,
अन् दोरा दातानं तोडत होती.

घरी येताना एकोणपन्नास हा शब्द तोंडात फिरत होता.
मागच्या महिन्यापासून माझं वय.
एक उणे पन्नास:
जुना शब्द पुढचं बघतो अन् उणं मोजतो.
चाळीस नऊ:
नवा फक्त हातातलं सांगतो.
बाप असता तर कान धरला असता.
किंवा नसता. त्यालाही झोप आलेलीच असायची.

सोमवारी चेतनाला म्हटलं, नाव बदलत नाही.
"मंग आकडा काहून बदलला?"
मी खडू तिच्या हातात दिला.

तिनं आधी दोन काढला.
मग जागा सोडून, डावीकडे, पाच.
उलटीकडून लिहिलेला ५२
फळ्यावर सुलटा उभा.

"कसं काढलं?"

"नावासारखं," ती म्हणाली,
अन् हात फ्रॉकला पुसले.