अळणी

पहाटेच बटाटे चिरून पाण्यात टाकतो आम्ही,
दोन तासांनी ते पाणी ओततो, नवं घालतो,
मग उकडतो, आणि तेही पाणी मोरीत.
पोटॅशियम निघून जातं, असं डाएटिशियन मॅडम सांगतात.
बटाट्याचं बटाटेपणही जातं,
ते त्या सांगत नाहीत. आम्ही चाखून बघतो.

झाकणावर पांढरी पट्टी:
तोंड आलंय, गार आणि मऊ.
दुसरीवर: पाणी मोजून, मीठ नाही.
नाव कुठेच नाही, नुसता आकडा.
गल्लीत कळू नये कुणाला काय झालंय ते;
गल्लीला कळतंच, पण आमच्या डब्यामुळे नको.

एकतीस नंबर गोळीबार चौकाच्या मागच्या बोळात.
डोमाजी हेडाऊ. आठवड्याला दोनदा डायलिसिस,
त्याआधी चाळीस वर्षं सावजी भोजनालयाच्या भट्टीपुढे.
पहिल्या दिवशी त्यांनी वरणात बोट बुडवलं
आणि माझ्याकडे असं पाहिलं
जशी मी कुणी गेल्याची खबर घेऊन आले होते.
"हे कोनं शिजोलं?"
"चौघीजणी आहोत, काका."
"चौघी मिळून इतकं अळणी?
याले कावळा तरी शिवन का वं?"

खाल्लं मात्र सगळं.
आणि रिकामा डबा परत द्यायचा नाही, ही घरची रीत,
म्हणून दुसऱ्या दिवशी डब्यात एक पुडी निघाली:
दगडफूल, चिमूटभर,
कॅलेंडरच्या फाडलेल्या एप्रिलमध्ये बांधलेलं.
मागे थरथरत्या पेन्सिलने:
धने कोरडे भाजा. काळे होऊ द्या, जळू देऊ नका.

मग रोजच.
लसूण जवसाच्या तेलात, आच मंद.
फोडणी शेवटी, अन् लगेच झाकण.
घाई कायची हाय तुमाले?
मॅडमने प्रत्येक पुडी तपासली,
दोन नाकारल्या, बाकीच्यांवर टिक केली.
त्या आठवड्यात नऊ नंबरच्या पोराने,
ज्याला केमोनंतर सगळंच लोखंडासारखं लागायचं,
अर्धी वाटी जास्त मागितली.
मी काकांना सांगितलं.
ते भिंतीकडे तोंड करून झोपले,
म्हणाले, कूलर बंद कर, आवाज होते.

नवतप्याचा तिसरा दिवस.
ओढणी ओली करून तोंडाला बांधली होती,
हँडल तापून हाताला चिकटत होतं.
बोळात शिरले तर दाराशी चपला फार.
डबा माझ्या हातात, अजून गरम.
काय करतात अशा वेळी, ते ट्रेनिंगमध्ये नव्हतं.
अनुसयाबाईंनीच येऊन तो घेतला.
"ठेव इथं. चूल पेटवाची नसते आज.
आमालेबी अळणीच."
आतल्या खोलीत नातवाला मांडीवर घेऊन
त्यांनी वरणभात कालवला.
पोरगं गपागप खात होतं,
त्याला काही कमी वाटलं नाही.

तेरावं झाल्यावर डबा आला,
चिंचेने घासलेला, लखलखीत.
आत खडेमीठ, एक मूठ.
"तुमचं मीठ त्यायनं कधी खाल्लंच नाही," त्या म्हणाल्या,
"तरी जागले."
मला काही बोलता आलं नाही. मी सही घेतली
आणि डबा मिळाला, अशी नोंद केली.

ते मीठ किचनच्या फळीवर आहे,
कुणाच्याच जेवणात घालता येत नाही.

एकतीस नंबरला आता मानेवाड्याच्या
एक निवृत्त शिक्षिका, सुमतीबाई.
काल झाकण उघडून त्या थबकल्या, वास घेतला:
"कोण करतं हो हे?"
मी म्हटलं, "पाच जण आहोत."
सक्करदऱ्याच्या सिग्नलला लक्षात आलं, चुकले.
मागचा हॉर्न वाजवत होता.
गेले तशीच पुढे.